जपानी शिकायचंय? मराठी माणसाला हमखास पडणारे प्रश्न

पुण्यात जपानीची नवी बॅच सुरू झाली की पहिल्या महिन्यात ठरलेले प्रश्न येतात. काही पालकांचे असतात, काही आयटीतल्या मंडळींचे, काही अ‍ॅनिमे बघून आलेल्या पोरांचे. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

वाचण्याआधी दोन सूचना. शेवटच्या ‘देसु’, ‘मासु’मधला उ गिळायचा, ‘देस’, ‘मास’ असं म्हणायचं. आणि ऽ दिसला की आधीचा स्वर एक मात्रा ओढायचा.

मराठी माणसाला जपानी सोपं जातं म्हणतात. खरं की क्लासवाल्यांची जाहिरात?

व्याकरणापुरतं पुरेपूर खरं. ‘मी उद्या मुंबईहून पुण्याला ट्रेनने जातो’ हे वाक्य जपानीत असं होतं: ‘वाताशि वा आशिता मुंबई कारा पुणे नि देन्शा दे इकिमासु’. एकही शब्द जागचा हलला नाही. ‘कारा’ म्हणजे हून, ‘नि’ म्हणजे ला, ‘दे’ म्हणजे ने, आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’ लावा: ‘इकिमासु का’, जाता का. दुजोरा हवा तर ‘ने’: ‘आत्सुइ देसु ने’, उकडतंय ना.

त्याहून मोठी सोय म्हणजे आपलं ‘-ऊन’. आपण दिवसभर म्हणत असतो, खाऊन बघ, करून ठेव, घेऊन ये. जपानीत ‘ताबेते मिरु’, ‘शिते ओकु’, ‘मोत्ते कुरु’. यातलं दुसरं क्रियापदसुद्धा तेच आहे: मिरु म्हणजे बघणं, ओकु म्हणजे ठेवणं, कुरु म्हणजे येणं. ‘करून ठेव’मधला ‘पुढे लागेल म्हणून आत्ताच’ हा भाव ‘शिते ओकु’मध्ये जसाच्या तसा आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी दोन पानं समजावून सांगावं लागतं, तुम्हाला दोन मिनिटं पुरतात.

‘मला चहा आवडतो’, ‘मला जपानी कळतं’ ही वाक्यंही तशीच. आवडतो कोण, तर चहा. म्हणून जपानीतही चहाला कर्त्याचा ‘गा’ लागतो: ‘ओचा गा सुकि देसु’. त्यात लिंग नाही, अनेकवचनाची कटकट नाही, भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही. खुर्ची ती आणि टेबल ते, हे ज्यांनी परभाषकांना कधी शिकवलंय त्यांना ही सुटका काय असते ते कळेल.

अडतं कुठे? विशेषणांपाशी. जपानीत काही विशेषणंच भूतकाळात जातात. ‘आत्सुइ’ म्हणजे गरम, ‘आत्सुकात्ता’ म्हणजे गरम होतं. आपले विद्यार्थी सवयीने ‘होतं’ वेगळं लावायला जातात. आणि ‘वा’ व ‘गा’ यांतला फरक तर वर्षभर पिच्छा सोडत नाही. कामचलाऊ युक्ती सांगते: ‘वाताशि वा’ म्हणजे ‘माझं म्हणाल तर’, ‘वाताशि गा’ म्हणजे बऱ्याचदा ‘मीच’. कोण करणार असं विचारल्यावर हात वर करून म्हणायचं ते ‘वाताशि गा यारिमासु’.

मग पुस्तकं इंग्रजीतली वापरू की नको?

वापरा, दुसरं फारसं मिळत नाही. पण वाक्य मनात जुळवताना इंग्रजीतून जाऊ नका. मराठीतून थेट जा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मी आधी वाक्य मराठीत म्हणायला लावते, निम्म्या चुका तिथेच गळतात.

तीन-तीन लिप्या कशाला? एक पुरत नाही?

हिरागाना, काताकाना आणि कांजी, म्हणजे चीनमधून आलेली चिन्हं. पहिल्या दोन्हींत मूळ अक्षरं ४६-४६, रोज थोडी गिरवली तर महिन्याभरात हाताला बसतात. हिरागानात प्रत्यय आणि क्रियापदांच्या शेपट्या, काताकानात परदेशी शब्द आणि परदेशी नावं, कांजीत शब्दांचा गाभा. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नसल्यामुळे हा लिपीबदलच शब्द कुठे सुरू झाला ते दाखवतो. सगळं हिरागानात लिहिलेलं वाक्य वाचून बघा, कांजी बरी वाटेल.

तुमचं नाव काताकानात जातं आणि तिथे जरा धक्का बसतो. ल नाही, ळ तर नाहीच. कुलकर्णींचे ‘कुरुकारुनि’ होतात, देशपांडे ‘देशुपान्दे’. रागावू नका, आपणही त्यांच्या ‘तोऽक्योऽ’चं टोकियो केलंच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या घरची आहे. हिरागाना आणि काताकाना यांना मिळून ‘काना’ म्हणतात, त्यांच्या अक्षरांचा क्रम बघा: आ का सा ता ना हा मा या रा वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध मंत्र नीट उच्चारता यावेत म्हणून जपानी भिक्षू सिद्धम ही संस्कृत लिहायची जुनी भारतीय लिपी शिकत, त्या अभ्यासातून ही मांडणी आली. च-वर्गाच्या जागी सा, प-वर्गाच्या जागी हा, कारण ‘ह’ची ओळ जुन्या काळी ‘प’ होती. सिद्धमचे ग्रंथ चीनमधून आणणाऱ्यांत कूकाइ हा भिक्षू होता, कोयासान हे डोंगरावरचं बौद्ध मठांचं ठिकाण त्यानेच वसवलं. त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. ‘सेत्सुना’ हा आपला क्षण, ‘नाराकु’ आपला नरक, आणि नवऱ्याला म्हणतात तो ‘दान्ना’ आपल्या ‘दान’पासून आलेला. गप्पांना उत्तम, परीक्षेत उपयोग शून्य.

उच्चार देवनागरीत लिहून पाठ केले तर चालेल?

पहिला आठवडा चालेल, नंतर ती वही बंद करा. देवनागरीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवता येत नाहीत आणि जपानीत सगळा खेळ स्वराच्या लांबीचाच आहे. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईंसमोर हा स्वर ओढलात तर परिणाम तुमचे तुम्ही बघा. ‘किते’ म्हणजे ये, ‘किऽते’ म्हणजे ऐक, ‘कित्ते’ म्हणजे काप. तिन्ही विनंतीच्या वाक्यात सारखेच बसतात.

बाकी आपल्या जिभेला फार त्रास नाही. ‘त्सु’ म्हणताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, आपल्याकडे चमच्यातला च तयार आहे. त्यांचा ‘न्’ आपल्या अनुस्वारासारखाच पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: वर्तमानपत्राचं ‘शिंबुन’ म्हणताना आपोआप म् येतो, शिकवावं लागत नाही. ‘फु’ तेवढा सांभाळा, फुंकर मारल्यासारखा, ओठ दातांना न लावता.

कांजी किती पाठ करायच्या? आणि कशा?

रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २,१३६ आहेत. त्यातल्या १,०२६ जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. तुम्हाला सुरुवातीला शंभरेक पुरतात.

आकड्यापेक्षा छळतात ते उच्चार. सूर्य किंवा दिवस या अर्थाची एक साधी चौकोनी कांजी आहे, मध्ये एक आडवी रेघ. ‘१ मार्च रविवार आहे’ या वाक्यात ती तीनदा येते: ‘सान्गात्सु त्सुइताचि वा निचियोऽबि देसु’. तारखेत ‘त्सुइताचि’चा भाग म्हणून, मग रविवारच्या सुरुवातीला ‘निचि’ म्हणून आणि त्याच शब्दाच्या शेवटी ‘बि’ म्हणून. एकच चिन्ह, तीन तऱ्हा. कारण सरळ आहे: चीनमधून चिन्हं आली तेव्हा तिकडचे उच्चार आले, आणि मूळचे जपानी शब्दही त्याच चिन्हांवर बसवले गेले.

म्हणून सुटी कांजी आणि तिच्यासमोर उच्चारांची यादी असा तक्ता घोकू नका. शब्द शिका. ‘निचियोऽबि’ हा अख्खा शब्द आला की दोन उच्चार फुकट मिळाले. मग भाग ओळखायला लागा. डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिसले की समुद्र, तळं, पोहणं, धुणं यांपैकी काहीतरी असणार. पुढे गेलात की उजवी बाजू उच्चार सांगायला लागते: ‘निळा’ची कांजी ज्यांच्या पोटात आहे अशा कितीतरी कांजींचा चिनी वळणाचा उच्चार ‘सेइ’च असतो. दोनशेच्या पुढे कांजी सोप्या होत जातात हे कुणाला पटत नाही, पण होतात.

हाताने लिहायच्या का? टंकलेखनाच्या जमान्यात सगळ्या नकोत. पहिल्या तीनशे मात्र रेघांच्या ठरलेल्या क्रमाने लिहाच, नाहीतर सारख्या दिसणाऱ्या दोन कांजींतला फरक डोळ्याला दिसतच नाही.

आकडे?

९९पर्यंतचे आकडे आपल्यापेक्षा सोपे. एकोणऐंशी म्हणजे ‘नाना-जूऽ-क्यूऽ’, सात-दहा-नऊ. घोळ पुढे होतो, कारण त्यांची मोजणी दहा हजारांच्या ‘मान’ने चालते. १ लाख म्हणजे ‘जूऽमान’, १ कोटी म्हणजे ‘इस्सेनमान’, १० कोटी म्हणजे ‘इचिओकु’. पगार अडीच लाख येन असेल तर ‘निजूऽगोमान’, म्हणजे पंचवीस मान. दुभाष्यांची दातखीळ बसते ती इथेच. वस्तूच्या आकाराप्रमाणे मोजायचे शब्दही बदलतात, लांबट वस्तूंना ‘इप्पोन, निहोन, सानबोन’ वगैरे. हॉटेलात मात्र ‘हितोत्सु, फुतात्सु’वर भागतं.

‘सुमिमासेन’ म्हणजे सॉरी की थँक्यू?

दोन्ही, आणि ‘अहो, जरा इकडे’ सुद्धा. हॉटेलात वेटरला बोलवायला सुमिमासेन. लोकलमध्ये धक्का लागला तर सुमिमासेन. कुणी तुमची पडलेली छत्री उचलून दिली तरी सुमिमासेन, कारण माझ्यामुळे तुम्हाला वाकावं लागलं. आभारात थोडी भीड मिसळलेली असते. आपल्याकडे पाहुणे चहा घेताना ‘उगाच त्रास घेतलात’ म्हणतात ना, तोच भाव. मनापासून माफी मागायची असेल तर ‘गोमेन नासाइ’, आणि ऑफिसात गिऱ्हाइकासमोर ‘मोऽशिवाके आरिमासेन’.

जपानी माणूस कधीच ‘नाही’ म्हणत नाही का?

म्हणतो, फक्त त्या शब्दात नाही. आणि यात आपण फार नवल करण्यासारखं काही नाही. ‘बघू हं’ म्हटल्यावर काय समजायचं ते कुठल्याही मराठी माणसाला कळतं. जपानीत ‘केन्तोऽ शिमासु’ म्हणजे ‘विचार करून सांगतो’, आणि बैठकीच्या शेवटी हे ऐकलं तर फार आशा धरू नये. ‘शनिवारी जेवायला येता का?’ याला ‘दोयोऽबि वा चोत्तो…’ असं उत्तर आलं, तर वाक्य संपलेलं आहे. ‘शनिवारी जरा…’ एवढंच. ‘जरा काय?’ असं विचारायचं नाही.

हाच ‘चोत्तो’ दुसरीकडेही कामाला येतो. शेजारी विचारतात, ‘ओदेकाके देसु का’, बाहेर निघालात का. उत्तर: ‘एऽ, चोत्तो सोको मादे’. हो, जरा इथपर्यंत. कुठे ते त्यांना नको असतं आणि तुम्हीही सांगत नाही. वाड्यात वाढलेल्यांना हे शिकवावंच लागत नाही.

खरा धोका ‘हाइ’चा. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘हो’ आहे. पण समोरचा बोलत असताना जे ‘हाइ, हाइ’ येतं तो हुंकार असतो, ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच. आपल्याकडचे इंजिनिअर कॉल संपवून सांगतात की सगळे मुद्दे मंजूर झाले. प्रत्यक्षात एकही झालेला नसतो. उलटही होतं. तुम्ही फोनवर गप्प राहून लक्षपूर्वक ऐकत असता आणि पलीकडचा मध्येच ‘मोशिमोशि?’, म्हणजे ‘हॅलो?’, करतो, कारण त्याला वाटतं लाइन तुटली. हुंकार देत राहा.

‘दाइजोऽबु’ने फार गोंधळ होतो. हो की नको?

मूळ अर्थ ‘ठीक आहे’. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गल्ल्यावर प्रश्नांची सरबत्ती होते. ‘फुकुरो वा?’ म्हणजे पिशवी देऊ का. जुलै २०२०पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे लागतात म्हणून विचारतात. तुम्ही ‘दाइजोऽबु देसु’ म्हणालात की त्याचा अर्थ ‘नको, चालेल’. लगेच पुढचा, ‘आतातामेमासु का’, डबा गरम करून देऊ का. इथे हवं असेल तर ‘ओनेगाइशिमासु’, म्हणजे हो, द्या. ‘दाइजोऽबु’ म्हणालात तर गार भात खावा लागेल. सोपा नियम: कुणी काही देऊ करत असेल तेव्हा दाइजोऽबु म्हणजे नको, कुणी चौकशी करत असेल तेव्हा ठीक आहे.

रोज म्हणायची ठरलेली वाक्यं कोणती?

घराबाहेर पडताना ‘इत्ते किमासु’, शब्दशः ‘जाऊन येतो’. ‘जातो’ म्हणू नये ही आपल्या आजीची शिस्त तिथेही आहे. घरातले म्हणतात ‘इत्तेराश्शाइ’. परत आल्यावर ‘तादाइमा’, त्यावर ‘ओकाएरि’. जेवणाआधी ‘इतादाकिमासु’, नंतर ‘गोचिसोऽसामा’. ‘सायोनारा’ मात्र रोज म्हणत नाहीत, त्यात लांबच्या निरोपाचा सूर आहे. मित्रांना ‘माता ने’, ऑफिसातून इतरांच्या आधी निघताना ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु’, म्हणजे तुमच्याआधी निघतोय, माफ करा. त्यावर बाकीचे म्हणतात ‘ओत्सुकारेसामा’, साधारण ‘दमलात, बरं काम केलंत’. हाच शब्द जिन्यात भेटल्यावर, ईमेलच्या सुरुवातीला, बैठक संपल्यावर, सगळीकडे. ‘गोकुरोऽसामा’ त्याच अर्थाचा, पण वरच्याने खालच्याला म्हणायचा. साहेबांना म्हणू नका.

‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ कुठे वापरायचं यापेक्षा कुठे वापरायचं नाही ते सांगणं सोपं. ओळख झाली, काम सोपवलं, मदत मागितली, पत्र संपवलं की ते येतं. पुढचं तुमच्या हाती, सांभाळून घ्या.

‘तुम्ही’ला काय म्हणायचं? आणि साहेबांना किती मान द्यायचा?

‘आनाता’ हा शब्द पुस्तकात असतो, पण समोरच्याला तो सहसा लावत नाहीत. आडनाव आणि ‘सान’, किंवा नुसता हुद्दा. स्वतःच्या नावाला ‘सान’ कधीच नाही.

आदरार्थी बोलण्याची सवय आपल्याला आहे, पण आपला मान माणसाला चिकटलेला असतो आणि त्यांचा प्रसंगाप्रमाणे फिरतो. तुमचे विभागप्रमुख तानाकासान ऑफिसात आहेत तोवर त्यांच्याशी अदबीने बोलायचं. पण बाहेरच्या कंपनीतून फोन आला की म्हणायचं: ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु’. सान गळालं, क्रियापद नम्र झालं. मराठीत ‘तानाका जागेवर नाही’ म्हटल्यासारखं. बाहेरच्यापुढे साहेबही आपल्या घरातलेच, आणि घरातल्यांना मोठेपणा देत नाहीत. म्हणूनच स्वतःच्या आईविषयी परक्याला सांगताना ‘हाहा’, दुसऱ्याच्या आईला ‘ओकाऽसान’. आपल्याकडे ‘साहेब बाहेर गेलेत’ म्हणणाऱ्या मुलीला हे उलटं करायला महिने लागतात. नोकरीच्या मुलाखतीत याची हमखास परीक्षा होते.

नम्र क्रियापदं कानावर पडायला हवी असतील तर फलाटावर उभे राहा. ‘देन्शा गा माइरिमासु’. तिथे गाडीसुद्धा नम्रपणे येते.

अ‍ॅनिमे बघून शिकता येईल?

कान तयार होतो, बोलणं बिघडतं. त्यातले ‘ओरे’ (मी), ‘ओमाए’, ‘तेमेऽ’ (तू) असे रांगडे शब्द दुकानात वापरलेत तर भांडण काढल्यासारखं होईल.

डॉक्टरकडे गेलो तर दुखणं कसं सांगायचं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण तिथे राहायला गेलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात लागतो. दुखण्याचा प्रकार तिथे जोडशब्दांतून सांगतात, डॉक्टरही तसंच विचारतात. ठणकत असेल तर ‘झुकिझुकि’, चुरचुरत असेल तर ‘हिरिहिरि’, टोचत असेल तर ‘चिकुचिकु’, डोक्यात घण पडत असतील तर ‘गानगान’, मळमळत असेल तर ‘मुकामुका’, गरगरत असेल तर ‘कुराकुरा’. शेवटी ‘शिमासु’ लावा, झालं. धडधड ‘दोकिदोकि’, चमचम ‘किराकिरा’, पाऊस धो धो तर ‘झाऽझाऽ’. असे शब्द मराठीत पोत्याने आहेत, त्यामुळे आपल्याला ते अर्थावरून नाही तर आवाजावरून लक्षात राहतात.

जेएलपीटीची कोणती पातळी द्यावी?

जेएलपीटी म्हणजे परदेशी लोकांसाठीची जपानी भाषेची परीक्षा. एन ५ सर्वांत सोपी, एन १ सर्वांत अवघड. २००९पर्यंत चारच पातळ्या होत्या. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यात आणि मुंबईत केंद्रं आहेत. एकूण १८० गुण. उत्तीर्ण व्हायला एन ५ला ८०, एन ४ला ९०, एन ३ला ९५, एन २ला पुन्हा ९० आणि एन १ला १०० लागतात. प्रत्येक विभागात वेगळी किमान मर्यादा असते, श्रवणात १९च्या खाली गेलात तर बाकीचे गुण कितीही असोत, नापास. दर वेळी चांगली मुलं इथेच आपटतात, म्हणून ऐकण्याचा सराव पहिल्या दिवसापासून करा.

या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं नाही. त्यामुळे एन २ असूनही फोन उचलायला घाबरणारे लोक भेटतात. प्रमाणपत्र आणि बोलणं ही दोन वेगळी कामं समजा.

किती दिवसांत नोकरी मिळेल?

आठवड्याला तीन वर्ग आणि घरी रोज पाऊण तास दिलात तर सहा महिन्यांत एन ५ होते. एन ५वर नोकरी नाही. पुण्या-मुंबईत भाषांतर किंवा जपानी ग्राहकांशी बोलण्याचं काम हवं असेल तर एन ३पासून दारं किलकिली होतात, एन २ला उघडतात. अडीच-तीन वर्षं धरून चाला.

जपानमध्ये शुश्रूषा, हॉटेल, शेती अशा क्षेत्रांत जायचं असेल तर एप्रिल २०१९पासून ‘तोकुतेइ गिनोऽ’, म्हणजे विशिष्ट कौशल्य, हा व्हिसा आहे. त्याला एन ४ किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा, शिवाय त्या त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा लागते. शुश्रूषेसाठी तिच्या भाषेची परीक्षा आणखी वेगळी. ‘भाषा तिकडे गेल्यावर येईल, आधी पैसे भरा’ असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा.

आमच्या गावात क्लास नाही. काय करू?

आता फारसं अडत नाही. जपान फाउंडेशनच्या ‘मिनातो’ या संकेतस्थळावर स्वतःहून शिकण्याचे अभ्यासक्रम आहेत, एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या एनएचके वर्ल्डवर आवाजासह मोफत धडे मिळतात. एन ४च्या आसपास आलात की एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या वाचा, कांजीवर उच्चार लिहिलेले असतात. बोलायला कुणीतरी माणूस मात्र शोधाच, ऑनलाइन का होईना, आठवड्यातून एकदा. आणि काना शिकण्याआधी अ‍ॅपवर वाक्यं पाठ करायला बसू नका. आधी ती ४६ अक्षरं, दोन्ही लिप्यांतली, चौकटीच्या वहीत.